तोंडी बोलीवर गाळा घेऊ नका, भाऊ

नागपुरात इतवारी असो की धरमपेठ, मालक ओळखीचा आहे म्हणून नुसत्या शब्दावर दुकान घेऊ नका. शटर, फर्निचर, बोर्ड यात पैसा तुमचा अडकतो. सहा महिन्यांनी त्याने भाडं वाढवून मागितलं, तर बोलणार कशाच्या आधारावर?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, मालक उलट सिद्ध करेपर्यंत. पण त्या भरवशावर राहू नका. कोर्टाच्या चकरांत धंदा बसतो.

तोंडीच घेऊन बसला असाल, तर भाडं आणि डिपॉझिट बँकेतूनच द्या, दर महिन्याची पावती मागा. ठरलेलं सगळं मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा, त्याचा होकार येऊ द्या. जुन्या वाड्यातला गाळा असेल तर भावाभावांत वाटणी झाली आहे का, हे आधी विचारा. मालमत्ता कराची पावती कोणाच्या नावाची आहे तेही बघा. त्या घरात वाद असला, तर भाडं कितीही कमी असो, मी तरी तिथे जाऊ नका असंच सांगेन.