वाचक विचारतात : एकच अकाउंट आणि चौघांची गाणी

प्रश्न : ताई नमस्कार, आमच्याकडे गाण्यांच्या एका ॲपचं सबस्क्रिप्शन आहे, माझ्या नावावर, एकट्याचं असतं ते, आणि वापरतो आम्ही सगळेच. मी, मिस्टर, मुलगी १५ वर्षांची आणि धाकटा १० चा. सकाळी डबे करताना मी भीमसेनजींचे अभंग लावते आणि अर्ध्यात बंद पडतं, कारण हॉलमध्ये धाकट्याने स्पीकरला सांगून डायनोसॉरचं गाणं लावलेलं असतं. आता तर ॲप मला अभंगाच्या पाठोपाठ डायनोसॉर आणि कोरियन पॉपच सुचवायला लागलंय. फॅमिली प्लॅन घ्यावा का? मिस्टर म्हणतात उगाच खर्च. आणि मुलीला वेगळं अकाउंट दिलं तर ती काय ऐकते ते मला कळणार कसं? (नाशिक)

उत्तर : घ्या, नक्की घ्या. गाणं बंद पडतं त्यात ना धाकट्याची चूक ना फोनची, एकट्याच्या प्लॅनवर एका वेळी एकाच ठिकाणी गाणं वाजतं, दुसरीकडे लावलं की पहिलं थांबणारच. आणि सुचवण्यांचं म्हणाल तर त्या ॲपला वाटतंय की अभंग, डायनोसॉर आणि कोरियन पॉप ऐकणारं एकच माणूस आहे, ते तरी काय करणार.

तुम्ही ॲपचं नाव लिहिलेलं नाही म्हणून दोन मोठ्या ॲपचं सांगते. यूट्यूब म्युझिक आणि ॲपल म्युझिक, दोन्हीच्या फॅमिली प्लॅनमध्ये पैसे भरणारा धरून ६ जण मावतात आणि प्रत्येकाचं अकाउंट वेगळं राहतं, म्हणजे प्लेलिस्ट वेगळी, हिस्टरी वेगळी, सुचवण्या वेगळ्या. फक्त बिल एक. मिस्टरांना दोन सिंगल प्लॅनची बेरीज करून दाखवा आणि शेजारी फॅमिलीचा भाव ठेवा, मग बोला. (स्पॉटिफायचं असेल तर प्लॅनमध्ये किती जण बसतात ते घेतानाच नीट वाचा, आपल्याकडे ते बदलत आलंय.)

धाकट्याचं अकाउंट मात्र तुम्हीच उघडा. गूगलवर १३ च्या आतल्या मुलांचं अकाउंट पालकांच्या हातात ठेवणारी फॅमिली लिंक आहे, ॲपलमध्ये फॅमिली शेअरिंगमधून मुलाचं अकाउंट काढता येतं. माझी कळकळीची विनंती आहे, खोटी जन्मतारीख टाकून मोठ्याचं अकाउंट काढून देऊ नका, बरेच पालक घाईत हेच करतात आणि मग मुलांसाठीची सगळी सेटिंग हातातून जातात. आयफोन-आयपॅडवर स्क्रीन टाइममध्ये कंटेंटच्या बंधनांत जाऊन म्युझिक ‘क्लीन’ करून ठेवा, शिवराळ म्हणून खूण केलेली गाणी मग वाजत नाहीत. पण ती खूण गाणं काढणारी कंपनी स्वतः लावते, एखाद्या गाण्याला लावलीच नाही तर ते बिनधास्त वाजतं, म्हणून १० वर्षांचं पोर काय ऐकतंय त्याकडे तुमचा एक कान असू द्याच. ॲपलवर परचेस शेअरिंग चालू असेल तर घरातल्या सगळ्यांची खरेदी ग्रुप काढणाऱ्याच्या खिशातून जाते हेही लक्षात ठेवा आणि धाकट्यासाठी ‘आस्क टू बाय’ चालू करा, म्हणजे काही घेण्याआधी तुमची परवानगी मागितली जाईल.

आता मुलीचं. ती काय ऐकते ते तुम्हाला आपोआप दिसणार नाही, आणि मला वाटतं ते बरंच आहे. १५ व्या वर्षी माणूस एकच गाणं चाळीस वेळा ऐकतं, रडवेलं होऊन ऐकतं, कधी नुसतं मैत्रिणीला आवडतं म्हणून ऐकतं, आणि आई ती यादी वाचतेय हे कळलं की ते ऐकणंच लपून सुरू होतं, दुसऱ्या कुठल्यातरी ॲपवर, हेडफोन लावून. त्यापेक्षा तिला सांगा, तुझ्या आवडीची तीन गाणी मला लावून दाखव, आणि मग पूर्ण ऐका, मध्ये मध्ये काहीही न बोलता. माझ्या भाचीने मला असंच एक गाणं लावून दिलं होतं, शब्द एक कळला नाही पण ती ज्या पद्धतीने माझ्या चेहऱ्याकडे बघत होती ना, ते मी विसरलेली नाही. चौघांची मिळून एक प्लेलिस्ट पण करा, दोन्ही ॲपवर एकाहून जास्त जणांना गाणी टाकता येतील अशी प्लेलिस्ट होते, रविवारी पोहे होईपर्यंत तीच लावायची आणि कुणी कुणाचं गाणं पुढे ढकलायचं नाही.

जुन्या अकाउंटवरच्या मुलीच्या प्लेलिस्ट तिला लिंक पाठवून द्या, ती आपल्या अकाउंटवर सेव्ह करून घेईल, आणि तुमची हिस्टरी साफ करा. हॉलमधल्या स्पीकरला आधी तुमचं अकाउंट काढून दुसरं जोडा, नाहीतर प्लॅन घेऊनही सकाळचा अभंग तुटतच राहील!

प्रश्न : मुलगा इंजिनिअरिंगला बंगळुरूला हॉस्टेलवर आहे, त्याला आमच्या यूट्यूबच्या फॅमिली प्लॅनमध्ये ठेवलं तर चालेल ना? (सांगली)

उत्तर : नियमाने नाही. सगळे एकाच घरात राहणारे हवेत असं त्यांच्या नियमात आहे आणि दर ३० दिवसांनी ते तपासतात सुद्धा. त्याला स्टुडंट प्लॅन घ्यायला सांगा, कॉलेजात असल्याचं दाखवलं की कमी पैशात मिळतो, ॲपलचा घेतला तर एकूण ४८ महिने चालतो. आणि तोपर्यंत म्हणून मामाच्या नाहीतर काकाच्या ग्रुपमध्ये घालू नका, गूगलचा फॅमिली ग्रुप १२ महिन्यांत एकदाच बदलता येतो, मग सुट्टीला घरी आला तरी तिकडेच अडकून पडेल.

प्रश्न : ऑटोपे लावायची भीती वाटते, पैसे परस्पर कापले जातील. आणि कोकणात जाताना ताम्हिणी घाटात रेंज गेली की मुलं रडतात, पैसे भरूनही गाणी वाजत नाहीत. (पुणे)

उत्तर : रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कापायच्या किमान २४ तास आधी मेसेज यायला हवा, तो आला की बघा, नको असेल तर तेव्हाच यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपे रद्द करा. घाटासाठी गाणी आदल्या रात्री वायफायवर डाउनलोड करून ठेवा, मुलांच्या अकाउंटवर त्यांच्याच टॅबमध्ये, तुमच्या फोनमध्ये केलेलं त्यांना तिकडे वाजणार नाही. निघण्याआधी फ्लाइट मोड लावून एक गाणं वाजवून बघा.