एकच वॉल सुरू ठेवला की टर्बाइन फ्लो मीटर शून्य दाखवतो, काय करावं?

भाऊ, मोर्शीकडच्या तुमच्या संत्रा बगीच्यात ठिबकच्या मेन लाइनवर दोन इंची टर्बाइन मीटर आहे. चारही वॉल उघडले की आकडा बरोबर, एकच ठेवला की शून्य, आणि मोटर सुरू असली की मीटरपुढचा वॉल बंद असूनही कधी कधी आकडे पळतात. हे दोन वेगळे आजार आहेत.

पहिल्याचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. एका वॉलवर 60 झाडं, झाडाला 8 लिटरचे 4 ड्रिपर, म्हणजे तासाला 1,920 लिटर. दोन इंची टर्बाइन मीटर साधारण तासाला 4,000 ते 40,000 लिटरसाठी असतो. तुमच्याची रेंज त्याच्या प्लेटवर पाहून घ्या. चार वॉलचे 7,680 लिटर त्यात बसतात, एकाचे बसत नाहीत.

आतला पंखा फिरतो तेव्हा त्याची पाती वरच्या कॉइलसमोरून जातात आणि प्रत्येक पात्याला एक पल्स, म्हणजे विजेचा छोटा ठोका, निघतो. पंखा मंदावला की पल्स कमी होतातच, पण त्यांचं व्होल्टेजही तेवढंच घसरतं. शेवटी डिस्प्लेला ते दिसेनासं होतं. म्हणून पंखा हळूहळू फिरत असतानाही आकडा शून्य येऊ शकतो. एक वॉल सुरू ठेवून कॉइलच्या दोन वायरींवर मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टला लावा. थोडंफार व्होल्टेज आलं तर पंखा फिरतोय. काहीच नसेल तर मोटर बंद करून मीटर खोला: गाळ, शेवाळ, बेअरिंगवर बसलेला क्षार. बोअरचं पाणी असेल तर हे हमखास सापडतं. जाळीचा फिल्टर मीटरच्या आधी हवा, नंतर नाही.

आता पळणारे आकडे. वॉल बंद, मोटर सुरू, मल्टिमीटर हर्ट्झवर. 50 दिसले तर तो प्रवाह नाही, मोटरच्या केबलमधून आलेली वीज आहे. सौर पंप असेल तर त्याचा कंट्रोलरही असाच गोंधळ घालतो, तिथे 50 दिसेलच असं नाही. शिल्डवाली (तारांवर धातूचं आवरण असलेली) पिळाची केबल वापरा, शिल्ड एकाच टोकाला अर्थिंग करा, मोटरच्या केबलपासून दूर न्या. एकाच पाइपातून दोन्ही केबल ओढायची आपल्याकडची सवय इथे नडते.

हे होण्याआधी डिस्प्लेची सेन्सिटिव्हिटी वाढवू नका. बहुतेक जण पहिलं तेच करतात आणि मग मीटर पाण्याऐवजी वीज मोजत बसतो.

माझं मत विचाराल तर एकेका वॉलचंच ओलित करणार असाल तर एक इंची मीटर घ्या. त्याची रेंज साधारण तासाला 1,000 ते 10,000 लिटर असते, म्हणजे चारही वॉल त्यातच भागतात. दाब थोडा जास्त खाईल, तेवढं बघा. त्याच्या आधी 10 इंच आणि नंतर 5 इंच सरळ पाइप ठेवा. नव्या मीटरच्या प्लेटवरचा के-फॅक्टर, म्हणजे एका लिटरला किती पल्स हा आकडा, डिस्प्लेत भरायला विसरू नका, नाहीतर जुन्याच हिशेबाने लिटर मोजले जातील.