देखण्या मुलाला नकार का दिला, हे घरी कसे सांगू?

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. पाहायला आलेला मुलगा सहा फूट उंच, गोरा, व्यायामाने कमावलेल्या अंगाचा. आई, मावशी आणि मैत्रिणी एका सुरात 'नाव ठेवायला जागा नाही' म्हणत असताना आपल्याला त्याच्याकडे पुन्हा पाहावेसेही वाटले नाही. उलट बँकेतला सावळा, टक्कल पडू लागलेला सहकारी बाह्या कोपरापर्यंत दुमडून एखाद्या आजोबांना पैसे भरण्याची स्लिप समजावू लागला, की आपली नजर त्याच्या मनगटावर खिळते. 'माझ्यातच काही खोट आहे का?' असे आपण विचारता.

खोट अजिबात नाही. उंची आणि रुंद खांदे पुष्कळ स्त्रियांना आवडतात हे खरे. पण पुष्कळ म्हणजे सगळ्या नव्हेत. अमेरिकेतील संशोधकांनी 547 एकसारख्या आणि 214 भिन्न जुळ्यांच्या जोड्यांना 200 चेहरे दाखवून कोणता किती आकर्षक वाटतो ते विचारले, आणि 2015 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोणत्याही दोन माणसांचे मत साधारण निम्मेच जुळते, आणि उरलेल्या वैयक्तिक आवडीत आनुवंशिकतेपेक्षा ज्याच्या त्याच्या अनुभवाचा वाटा मोठा असतो, असे त्यांत दिसले. एका घरात वाढलेल्या जुळ्यांची ही गत, तर आपली आणि मावशींची नजर जुळलीच पाहिजे हा आग्रह कशासाठी? शिवाय ते चेहरे छायाचित्रांतले होते. आवाज, चालण्याची ढब, हातांची हालचाल त्यांत नव्हतीच. (आपल्याकडच्या परिचयपत्रातही उंची, वर्ण आणि रक्तगट असतो, मनगटांसाठी रकाना नसतो.)

मात्र पत्रातली एक गोष्ट मला खटकली. नकाराला सबळ कारण हवे म्हणून आपण घरी 'मुलगा उद्धट वाटला' असे सांगितलेत, आणि तो तसा मुळीच नव्हता, हेही आपणच लिहिले आहे. असा शेरा मध्यस्थांच्या तोंडून चार घरी पोहोचायला आठवडाही लागत नाही. तेव्हा आईंना आजच सांगा, की मुलगा सभ्य होता, देखणाही होता, पण मला त्याच्याविषयी ओढ वाटली नाही. आणि मध्यस्थांनाही हेच कळवायला सांगा. आई 'ओढ लग्नानंतर लागते' म्हणतील. काहींना लागतेही. पण ती लागेल या भरवशावर होकार देण्याची आपली तयारी नाही, एवढे शांतपणे सांगून थांबावे. वाद घालू नये.

सहकाऱ्याविषयी बोलायचे, तर मनगटावरून स्वभाव कळत नाही. ते अविवाहित आहेत की नाहीत, हेही आपण लिहिलेले नाही. नसतील, तर विषय संपला; असतील, तर एकदा बँकेबाहेर चहाला बोलवावे आणि ते काय बोलतात ते ऐकावे.

आपली,
ताई