विरघळणाऱ्या धाग्यांवर वाढवलेली रक्तवाहिनी

प्रश्न : माझ्या वडिलांना मधुमेह आहे आणि कोल्हापुरातच त्यांचे डायलिसिस चालू आहे. हातावर केलेला फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर यांचा केलेला जोड) बंद पडला असून डॉक्टर आता कृत्रिम नळी बसवण्याविषयी बोलत आहेत. जिवंत पेशी आणि विरघळणारे धागे यांपासून प्रयोगशाळेत रक्तवाहिनी तयार करतात, असे वाचनात आले. ती कशी तयार होते आणि वडिलांना तिचा उपयोग होईल का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : डॉक्टरांनी सुचवलेला उपाय या नव्या रक्तवाहिनीच्या आशेवर लांबणीवर टाकू नका, हे सर्वांत आधी सांगणे मला आवश्यक वाटते. आपल्या वडिलांसाठी ती आज उपलब्ध नाही.

महाधमनीसारख्या मोठ्या वाहिनीच्या जागी डेक्रॉन या कृत्रिम धाग्याची नळी वर्षानुवर्षे चांगले काम देते, कारण तिच्यातून रक्त भरपूर आणि जोराने वाहते. व्यास साधारण ६ मिलिमीटरच्या खाली गेला, की मात्र अशा नळीत गुठळी होण्याचा धोका फार वाढतो. हृदयाच्या धमन्या ३-४ मिलिमीटरच्याच असतात. म्हणून बायपाससाठी आजही रुग्णाच्या पायातली शीर किंवा छातीतली धमनी घ्यावी लागते, आणि पुष्कळ मधुमेही रुग्णांकडे घेण्याजोगी शीर शिल्लकच नसते. या कामातली बरीच धडपड त्यांच्यासाठी आहे.

लॉरा निकलसन, रॉबर्ट लँगर या अमेरिकेतल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहिला, की पद्धत नीट समजते. त्यांनी पॉलिग्लायकॉलिक आम्लाच्या धाग्यांची जाळी नळीच्या आकारात शिवली आणि तिच्यावर प्राण्याच्या धमनीतून घेतलेल्या स्नायुपेशी सोडल्या. शस्त्रक्रियेतले विरघळणारे टाके ज्या पदार्थाचे असतात, त्याचेच हे धागे. पेशींना दिलेल्या पोषक द्रावणात क जीवनसत्त्व होते, कारण त्यावाचून पेशींना पक्के कोलॅजेन, म्हणजे भिंतीला बळकटी देणारे प्रथिन, बनवता येत नाही. मला स्वतःला या प्रयोगातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती पुढची : जाळीच्या आत बसवलेली लवचीक नळी पंपाच्या साहाय्याने मिनिटाला १६५ वेळा, म्हणजे गर्भातल्या बाळाच्या हृदयाच्या गतीने, फुगवली जात होती. असा ताण मिळालेल्या पेशींनी आठ आठवड्यांत जाड आणि बळकट भिंत उभी केली. ताणाविना वाढवलेल्या नळ्या कमकुवत निघाल्या. धाग्यांचे काम इथे स्लॅबखालच्या सेंटरिंगसारखे असते. ते लवकर गेले तर कच्ची भिंत रक्ताच्या दाबाने फुटेल, आणि गरज संपल्यावरही रेंगाळले तर आजूबाजूला दाह होत राहील.

जपानमध्ये तोशिहारू शिनोका यांच्या गटाने चार वर्षांच्या एका मुलीच्या फुप्फुसधमनीची दुरुस्ती तिच्याच शिरेतल्या पेशी आणि विघटनशील नळी वापरून केली. तो वृत्तान्त २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. बसवलेली वाहिनी मुलाबरोबर वाढू शकेल, ही अपेक्षा बालहृदयशल्यतज्ज्ञांसाठी फार मोठी आहे, कारण प्लॅस्टिकची नळी वाढत नाही आणि ती पुढे बदलावी लागते.

तरीही प्रत्येक रुग्णाच्या स्वतःच्या पेशी वाढवायच्या तर आठवडेच्या आठवडे लागतात, आणि अपघातात पायाची धमनी तुटलेला माणूस तेवढा थांबू शकत नाही. यावर निघालेला तोडगा असा, की दात्याच्या पेशींकडून भिंत तयार करून घ्यायची, मग त्या पेशी धुऊन काढायच्या आणि मागे राहिलेली कोलॅजेनची नळी साठवून ठेवायची. पेशीच नसल्यामुळे शरीर ती नाकारण्याची शक्यता कमी होते आणि कालांतराने रुग्णाच्या स्वतःच्या पेशी तिच्यात वस्तीला येतात. ह्युमासाइट या कंपनीच्या अशा वाहिनीला अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली, परंतु ती प्रौढांच्या हातापायांच्या धमनीला इजा होऊन रक्तपुरवठा तातडीने सुरू करायचा असेल आणि स्वतःची शीर वापरता येत नसेल, तेवढ्यापुरतीच. नळी फाटून जिवावर बेतणारा रक्तस्राव होऊ शकतो, असा ठळक इशाराही सोबत आहे. डायलिसिससाठी तिच्या चाचण्या झाल्या असल्या, तरी ही मान्यता त्या उपयोगासाठी नाही.

वडिलांच्या ज्या हातावर पुढची शस्त्रक्रिया ठरेल, त्या हातातून रक्त काढू देऊ नका, त्यावर सलाईन लावू देऊ नका, रक्तदाबही दुसऱ्या हातावर मोजायला सांगा. दवाखाना कोणताही असो, हे आपणहून सांगावे लागते. नळी बसल्यावर तिच्यावर बोट ठेवून थरथर जाणवते का, हे रोज पाहा. ती थांबली तर सकाळची वाट न पाहता डायलिसिस केंद्राला कळवा.

प्रश्न : हे धागे विरघळून शरीरात जातात कुठे? त्यांचा अपाय होत नाही का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : शरीरातल्या पाण्याने धाग्यांची लांब साखळी तुटत जाते. पॉलिग्लायकॉलिक आम्लापासून ग्लायकॉलिक आम्ल तयार होते आणि ते मूत्रावाटे किंवा चयापचयातून बाहेर पडते. दुसऱ्या प्रकारच्या धाग्यांतल्या पॉलिलॅक्टिक आम्लापासून लॅक्टिक आम्ल होते, जे आपले स्नायू एरवीही बनवतात आणि कारखान्यात उसाची साखर आंबवूनही मिळते. पॉलिग्लायकॉलिक आम्लाच्या धाग्यांची ताकद काही आठवड्यांत ओसरते, तर पॉलिकॅप्रोलॅक्टोन हा असाच आणखी एक पदार्थ पूर्ण विरघळायला दोन वर्षांहून अधिक काळ लागू शकतो; म्हणून अनेकदा दोन-तीन पदार्थ एकत्र वापरतात. अपाय होतो तो एकाच जागी आम्ल भराभर साठले तर, आणि त्यासाठी धाग्याची जाडी व जाळीची छिद्रे काळजीपूर्वक ठरवावी लागतात.