शांती, शांतता, तह आणि सलोखा

विचारणा अशी आहे: आंतरराष्ट्रीय राजकारणावरील एका लेखाचे भाषांतर करताना 'शांतता' हा एकच शब्द सर्वत्र पुरतो का, आणि नोबेल पारितोषिक 'शांतते'चे असताना सेनेला मात्र 'शांतिसेना' का म्हणतात?

दोन्ही शब्दांच्या मुळाशी 'शम्' हा धातू आहे. 'शांती' हे त्या धातूपासून थेट बनलेले क्रियावाचक नाम, तर 'शांतता' हे 'शांत' या विशेषणाला 'ता' लागून झालेले भाववाचक नाम. म्हणजे व्युत्पत्तीपुरते बोलायचे तर पहिल्यात शमण्या-शमवण्याची क्रिया आहे आणि दुसऱ्यात शमल्यानंतरची अवस्था. ग्रहशांती, उदकशांत, वास्तुशांत या धार्मिक शब्दांत ती क्रिया अजून जिवंत आहे. वास्तुशांत 'असत' नाही, ती करावी लागते. एरवी मात्र 'शांती' मनाकडे आणि अध्यात्माकडे वळली, व एकनाथांना शांतिब्रह्म म्हणताना तोच अर्थ अभिप्रेत असतो. सार्वजनिक व्यवहार 'शांतते'कडे आला, म्हणून पारितोषिक शांततेचे. 'शांतिसेना' हा समास संस्कृत वळणाचा असल्याने त्यात 'शांति' टिकली. विनोबांनी 1957 मध्ये उभारलेली शांतिसेना निःशस्त्र स्वयंसेवकांची होती, तर 1987 मध्ये श्रीलंकेत गेलेली आणि पुढे तमिळ वाघांशी लढावे लागलेली 'शांतिसेना' हे शस्त्रसज्ज लष्कर होते. नाव एकच असले तरी शांतता कशी आणायची याविषयीच्या त्यांच्या कल्पना परस्परविरुद्ध टोकांच्या होत्या.

'शांतता' या शब्दाची खरी अडचण अशी की त्यात आवाज नसणे आणि भांडण नसणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, आणि दोन्ही 'नसणे' आहेत. नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी केवळ हिंसा थांबणे आणि हिंसेची सामाजिक कारणे दूर होणे, असा जो भेद केला, तो आपल्याकडे 'नकारात्मक' आणि 'सकारात्मक' शांतता या शब्दांनी सांगतात. मला 'नकारात्मक' हा शब्द इथे दिशाभूल करणारा वाटतो, कारण मराठी वाचक त्याचा अर्थ 'वाईट' असा घेतो. 'अभावरूप शांतता' अधिक नेमके ठरेल. खरे तर वृत्तपत्री मराठीने हा भेद आपल्या परीने कधीच टिपला आहे. दंगलीनंतरच्या बातमीत 'तणावपूर्ण शांतता' किंवा 'स्मशानशांतता' असे येते, तेव्हा दगडफेक थांबली पण भांडण मिटले नाही, हे कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही.

आता तुमच्या लेखाविषयी. संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन सरचिटणीस बुत्रोस बुत्रोस-घाली यांनी 1992 च्या अहवालात वाटाघाटींतून शांतता घडवणे, ती राखणे आणि संघर्षानंतर ती उभारणे ही कामे वेगवेगळी मांडली. राखण्याच्या कामाला 'शांतता' चपखल बसते. वाटाघाटींसाठी मात्र 'शिष्टाई' हा महाभारतातील कृष्णशिष्टाईने घराघरांत पोचवलेला शब्द हाताशी असताना 'शांतता-निर्मिती' असा जड जोडशब्द कशाला? शिष्टाई यशस्वी झाली तर 'तह' होतो. तहाचा अर्थ मात्र शांतता नव्हे. 1665 च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी 23 किल्ले मोगलांना दिले आणि 1670 पासून ते परत घेण्याची मोहीम उघडली. तह हा दोन सत्तांमधला करार, आणि 'युद्धात जिंकले, तहात हरले' या वाक्प्रचारात तर तो लढाईचाच पुढचा डाव आहे. तेव्हा 'शांतता करार' आणि 'तह' हे डोळे मिटून एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

तिसऱ्या कामासाठी 'शांतता उभारणी' रूढ होत आहे, पण जिथे माणसामाणसांतील संबंधांचा विषय असेल तिथे मी 'सलोखा' वापरेन. सलोखा एकट्याचा नसतो. तो 'कोणाकोणात' हे सांगावेच लागते. 1984 च्या दंगलीने होरपळलेल्या भिवंडीत, पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने 1988 नंतर मोहल्ला समित्या स्थापन झाल्या. त्यांत हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांचे रहिवासी पोलिसांसह नियमित बसत, किरकोळ तंटेही तिथेच निघत, आणि 1992-93 मध्ये मुंबई पेटली असताना हे यंत्रमागांचे शहर शांत राहिले. त्या काळातली भिवंडीतली अवस्था 'शांतता' खरी, पण समित्यांनी आधीची काही वर्षे केलेल्या कामाला तो शब्द लागू पडत नाही; ते सलोख्याचे काम होते. 2007 मध्ये राज्य शासनाने सुरू केलेल्या गावपातळीवरील मोहिमेचे नावही 'तंटामुक्त गाव' असे आहे, 'शांत गाव' असे नाही.

लेखनाविषयी एक सूचना: सुटा शब्द 'शांती' असा दीर्घ, पण समासात पहिला आल्यास ऱ्हस्व, म्हणून शांतिसेना, शांतिदूत, शांतिपर्व. 'शांतीसेना' हे रूप वृत्तपत्रांत सर्रास दिसते, तरी प्रमाण लेखनात ते टाळावे.