जनसुनावणीत भाषण नको, पान नंबर सांगा

प्रश्न : आमच्या गावाच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट माथ्यावर, बॉक्साइटची खाण येतेय. जनसुनावणीची जाहिरात पेपरात आली आहे. ग्रामपंचायतीत ठेवलेला मराठी सारांश वाचला, खाणीच्या पर्यावरणावरच्या परिणामांचा मूळ रिपोर्ट इंग्रजीत आणि चांगला जाडजूड आहे. तरुण मंडळी म्हणतात, सुनावणी उधळून लावू. जुनी माणसं म्हणतात, जायचंच कशाला, सगळं आधीच ठरलेलं असतं. सर, तुम्ही अशा रिपोर्टांची कामं केली आहेत. आम्ही नेमकं काय करावं?
— एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : जा. आणि उधळू नका.

पर्यावरण मंजुरीचा सगळा कारभार ज्या २००६ च्या अधिसूचनेवर चालतो, तिच्यात एक तरतूद आहे. स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणानं बोलता येईल अशी सुनावणी घेणं शक्य नाही, असं वर कळवलं गेलं, तर सुनावणी वगळून पुढं जाता येतं. म्हणजे खुर्च्या तुम्ही फेकायच्या आणि सुटका कंपनीची व्हायची. बहिष्कारानंही काही साधत नाही, कारण या सुनावणीला कोरमच नसतो. दहा माणसं आली तरी ती झाली असंच धरतात.

तिथं मतदानही नसतं. हजार हात विरोधात वर झाले म्हणून खाण रद्द होत नाही. हे ऐकून गावातले लोक खट्टू होतात, पण यातच तुमची संधी आहे. सुनावणीला येतो तो रिपोर्ट मसुदा असतो. त्यात काय राहिलं, काय चुकलं, हे सांगायची ती जागा आहे. तुम्ही उपस्थित केलेल्या प्रत्येक मुद्द्याला कंपनीनं उत्तर द्यायचं असतं आणि ते अंतिम रिपोर्टात यावं लागतं. ‘आमचा जीव गेला तरी चालेल’ याला उत्तर काय देणार? ‘तिसऱ्या प्रकरणात वरच्या वाडीचा झरा दाखवलेलाच नाही’ याला मात्र द्यावंच लागतं.

आता रिपोर्ट कसा तयार होतो ते सांगतो. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर काही वर्षं सल्लागार कंपन्यांना झाडाझुडपांच्या याद्या करून दिल्या. सल्लागार नेमते कंपनी, पैसेही तीच देते. खाणीभोवतीच्या साधारण दहा किलोमीटरमधली हवा, पाणी, माती, आवाज, वनस्पती अशी सगळी माहिती बहुतेक वेळा एकाच हंगामात, म्हणजे तीन महिन्यांत गोळा करतात. आणि तो हंगाम पावसाळा सोडून असतो.

जिथं वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो, त्या कोकणात! एप्रिलमध्ये सड्यावर गेलात तर काळा तापलेला कातळ आणि करपलेलं गवत. यादीत ‘विरळ खुरटी वनस्पती’ लिहिलं जातं, आणि लिहिणारा खोटंही बोलत नसतो. जूनच्या सरी पडल्या की त्याच कातळाच्या फटींतून दीपकाडी वर येते. ही वनस्पती कोकण-गोव्याच्या सड्यांपलीकडं जगात कुठं फारशी नाही. ऑगस्टअखेरीला सीतेची आसवं आणि गेंद यांनी सडा निळा-पांढरा होतो. पाण्याच्या डबक्यांकडेला किडे खाणारी दवबिंदू चिकटून असते. ‘पावसात एक चक्कर मारू द्या’ म्हटलं, की मला ठरलेलं उत्तर मिळे : ‘सर, टीओआरमध्ये एकच सीझन आहे.’

टीओआर म्हणजे अभ्यासात काय काय असावं याची सरकारनं कंपनीला दिलेली यादी. ती रिपोर्टला जोडलेली असते. आधी ती काढा. यादीतला एकेक मुद्दा वाचून रिपोर्टात तो कुठल्या पानावर आहे ते शोधा. न सापडलेले मुद्दे वेगळ्या कागदावर लिहा, अर्धा अर्ज तिथंच तयार होतो. इंग्रजीची धास्ती घेऊ नका. गावातली बारावीला बसलेली दोन मुलं आणि मोबाइलचा कॅमेरा पुरेसा आहे. रिपोर्ट जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि जिल्हा उद्योग केंद्रात पाहायला मिळायला हवा. जाहिरात आणि सुनावणी यांत किमान ३० दिवस द्यावे लागतात. २०२० साली या अधिसूचनेच्या नव्या मसुद्यात हे दिवस २० करायचं घाटत होतं, आणि तो मसुदाही आधी इंग्रजी-हिंदीतच होता. सर्व भाषांत भाषांतर करा, असं दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

सगळी पानं वाचू नका. तिसरं प्रकरण आजच्या परिस्थितीचं असतं, ते ओळीओळीनं वाचा. चौथ्यात परिणाम असतात. पाचव्यात पर्यायांचा विचार असायला हवा. खाणीच्या रिपोर्टात तो बहुधा ‘खनिज जिथं आहे तिथंच काढावं लागतं’ एवढ्या एका वाक्यात उरकलेला सापडेल. शेवटच्या प्रकरणात रिपोर्ट कुणी बनवला त्यांची नावं असतात.

तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं आहे पाणी. सड्याचा जांभा दगड सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी तो पोटात घेतो, खालच्या चिकणमातीवर ते अडतं आणि सड्याच्या कडेला झऱ्यांतून बाहेर येतं. तुमच्या वाड्यांची नळपाणी योजना, पोफळी, उन्हाळी भाजी, सगळं त्यावर. बॉक्साइट त्याच जांभ्याच्या थरात असतं. रिपोर्टात तुम्हाला हमखास एक वाक्य दिसेल : खाणकाम भूजल पातळीच्या वर राहणार असल्यानं पाण्यावर परिणाम होणार नाही. ती पातळी कुठल्या विहिरीत मोजली ते पाहा. विहीर खालच्या मळ्यातली असेल, तर सड्याच्या पोटातल्या पाण्याबद्दल ती काही सांगत नाही. खोदाई पातळीच्या ‘वर’ होते हे खरंच, पण झऱ्याला पाणी पुरवणारा थरच तेवढ्यात उचलला जातो.

तेव्हा गावातले सगळे झरे, पऱ्ये, विहिरी नकाशावर मांडा. कुठला झरा कुठल्या महिन्यापर्यंत वाहतो हे बायकांना विचारा, पुरुषांना अंदाजच असतो. आजपासूनच एका पोरीला वही द्या. दर पंधरवड्याला प्रत्येक झऱ्यावर कळशी भरायला किती सेकंद लागतात ते तारखेसकट लिहायचं. सुनावणीपर्यंत दोनच नोंदी होतील, होऊ देत. पुढं खाण झालीच आणि झरा आटला, तर ‘आधी किती होतं’ हे सांगणारं दुसरं कुणी नसेल.

आंब्याच्या मोहोराचंही तसंच. धुळीची मोजणी मार्च ते मे मध्ये झाली असेल, तर डिसेंबर-जानेवारीत मोहोरावर डंपरची धूळ किती बसेल हे त्या आकड्यांत नाही. आणि सड्यावर कातळशिल्पं असतील तर ‘पुरातत्त्वीय स्थळे’ या रकान्यात काय लिहिलंय ते जरूर बघा. बारसू, देवाचे गोठणे, कशेळीची शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. तुमच्या गुराख्याला माहीत असलेलं चित्र मात्र कुठल्याच यादीत नसण्याची शक्यता जास्त.

एवढं बारीक वाचायचं कारण आपल्याच जिल्ह्यात घडलंय. मागं इथल्या एका बॉक्साइट खाणीच्या रिपोर्टात पक्ष्यांचा अधिवास म्हणून स्प्रूस आणि बर्चची जंगलं लिहिलेली निघाली. रशियातल्या खाणीच्या रिपोर्टाची नक्कल! रत्नागिरीत बर्च. कुणीतरी पानं उलटली म्हणून कळलं. जाणूनबुजून खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली असेल तर अर्ज फेटाळता येतो, दिलेली मंजुरीही काढून घेता येते. तेही त्याच अधिसूचनेत आहे.

सुनावणीच्या दिवशी मुद्दे वाटून घ्या. एकानं पाणी, दुसऱ्यानं आंबा, तिसऱ्यानं रस्ता. प्रत्येकानं पान आणि परिच्छेद सांगून बोलायचं आणि तेच लेखी देऊन पोच घ्यायची. येऊ न शकणाऱ्यांनी, मुंबईकर चाकरमान्यांनीसुद्धा, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं लेखी पाठवायचं. आणि जेवायची वेळ झाली म्हणून उठू नका. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवावं लागतं, त्यावर मग जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीनं आलेले अधिकारी सही करतात. तुमचा मुद्दा त्यात नसेल तर तिथंच उभं राहून सांगायचं. व्हिडिओ चित्रण असतंच.

हे सगळं करून मंजुरी मिळणारच नाही का? मिळू शकते, बहुतेकांना मिळते. पण गोव्यातल्या एका खाणीच्या खटल्यात २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं, की मंजुरीची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ समितीनं लोकांच्या आक्षेपांचा विचार करून कारणं नोंदवली पाहिजेत. आक्षेप कागदावर नसेल, तर कारणं कशाची मागणार?

प्रश्न : मी आणि माझी सासू खाडीत कालवं, तिसऱ्या काढतो. समोर मोठी जेटी होणार आहे. आमच्या नावावर सातबारा नाही. आम्हाला कोण विचारणार?
— एक वाचक भगिनी, रायगड जिल्हा

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड आहे आणि माझं उत्तर तुम्हाला आवडणार नाही.

पर्यावरणाच्या रिपोर्टात ‘सामाजिक-आर्थिक’ असा भाग असतो. त्यात बहुधा २०११ च्या जनगणनेचे तक्ते असतात : लोकसंख्या, साक्षरता, काम करणारे किती. ओहोटीला दोन तास चिखलात उतरून घरचं कालवण आणि थोडी विक्री भागवणारी बाई त्या तक्त्यात ‘काम न करणारी’ म्हणून बसलेली असते. मी वाचलेल्या रिपोर्टांत हा भाग सगळ्यात आळशीपणानं लिहिलेला होता.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक आघाताचा वेगळा अभ्यास सांगितलेला आहे, त्याचीही जनसुनावणी असते. त्या कायद्यात बाधित कुटुंब म्हणजे फक्त जमीनमालक नव्हे. संपादनाआधी तीन वर्षं ज्यांचं पोट मुख्यतः पाण्यावर चाललं, ते मच्छीमारही त्यात येतात. वाचायला फार छान. पण उपजीविका बुडाली ती ‘जमीन संपादनामुळं’, असं दिसावं लागतं. खाडीचं पाणी कुणी संपादित करत नाही. शिवाय महाराष्ट्रानं २०१८ च्या दुरुस्तीनं पायाभूत सुविधांसारख्या काही प्रकल्पांना या अभ्यासातून सूट द्यायची सोय केली, आणि एमआयडीसी, राज्य महामार्ग यांच्या कायद्यांखालचं संपादन त्या कायद्याच्या बाहेर ठेवलं. माझ्या मते आपल्याकडं सामाजिक अभ्यासाचा जीव तिथंच गेला.

म्हणून तुम्हाला पर्यावरणाच्या सुनावणीवरच भर द्यावा लागेल. कालवं काढणाऱ्या बायकांची यादी करा : नाव, वय, किती वर्षं, कुठल्या खडकावर, भांगाच्या आणि उधाणाच्या दिवसांत किती, बाजारात भाव काय. त्यावर ग्रामसभेचा ठराव घ्या. मच्छीमार सोसायटीच्या पुरुषांवर सोडू नका, ते होड्या आणि डिझेलचंच बोलतील. गाळ उपसल्यावर चिखल कुठल्या खडकांवर बसेल, हा एकच प्रश्न तुम्ही स्वतः माइकवर विचारा.

प्रश्न : आमच्या शेजारी मोठी टॉवरची स्कीम होतेय. जनसुनावणी का झाली नाही?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कारण इमारतींच्या बांधकामाला ती लागतच नाही. २०,००० चौरस मीटरच्या वर बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, सुनावणी नाही. मंजुरीचं पत्र केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या पोर्टलवर शोधा. पाणी कुठून आणणार आणि सांडपाण्याचं काय करणार, हे दोन मुद्दे वाचा. पुण्यातल्या टँकरच्या रांगा बघता पहिला जास्त मनोरंजक असेल.

प्रश्न : आमच्याकडं मंजुरी मिळून गेलीसुद्धा. आता काही करता येतं?
— एक वाचक, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडं ३० दिवसांत अपील करता येतं, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत. आपल्यासाठी पीठ पुण्यात आहे. तुमच्या सीमेवरच्या मोपा विमानतळाचं उदाहरण घ्या. अर्जात माहिती दडवली आणि छाननी नीट झाली नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१९ मध्ये मंजुरी स्थगित केली. जानेवारी २०२० मध्ये जादा अटी घालून स्थगिती उठवली. आता तिथून विमानं उडतात. तेव्हा कोर्टात गेलं म्हणजे प्रकल्प थांबतो असं धरून चालू नका. अटी वाढतात, देखरेख बसते, तेवढं पदरात पडू शकतं.

मुदत गेली असेल तर मंजुरीच्या पत्रातल्या अटी मराठीत लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. कंपनीला दर १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक दस्तऐवज असतो. मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात मागा. ‘पाच हजार झाडं लावली’ असं लिहिलं असेल, तर रविवारी चार जणांनी जाऊन मोजून या आणि आकडा फोटोंसकट केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा.