चिनूकला तोफा लावल्या होत्या म्हणे, खरंय का?

प्रश्न: आमच्या नाशिकरोडला आर्मीच्या ट्रेनिंग स्कूलची हेलिकॉप्टर्स सारखी डोक्यावरून जातात, त्यामुळे घरात तोच विषय. मुलगा म्हणतो चिनूकचं, म्हणजे त्या दोन मोठ्या पंख्यांच्या अमेरिकन हेलिकॉप्टरचं, तोफावालं मॉडेल पण होतं. मी म्हटलं अरे ते सामान वाहायचं धूड, त्याला कोण तोफा लावेल? कोण बरोबर? – एक वाचक

उत्तर: पैज लावली असेल तर देऊन टाका, मुलगा जिंकला! त्याचं नाव एसीएच-47ए. 1965 मध्ये अमेरिकन आर्मीसाठी बोइंगने फक्त चार बनवली, नेहमीच्या चिनूकला चिलखत चढवून. दोन्ही बाजूंना 20 मिमीची एकेक तोफ, नाकाखाली ग्रेनेड लाँचर, रॉकेटं, शिवाय खिडक्यांतून आणि मागच्या रॅम्पवरून मशीनगन, आत आठ माणसं, म्हणजे उडता किल्लाच की. 1966 ला ती व्हिएतनामला गेली आणि खालच्या सैनिकांना ती भारी आवडायची, कारण एवढा मारा दुसरं कुठलंच हेलिकॉप्टर करत नव्हतं.

मग प्रॉडक्शन का नाही? वाईट होतं म्हणून नाही हो. चारातलं एक तर जमिनीवरच, टॅक्सी करताना म्हणजे धावपट्टीकडे सरकताना दुसऱ्या चिनूकला धडकून गेलं. दुसऱ्याचं ऐकून मला अजून कसंतरी होतं, 5 मे 1967 ला तोफ चालू असताना तिच्या माउंटची पिन निसटली, तोफेचं तोंड वर झालं आणि स्वतःच्याच पुढच्या पंख्याची पाती तिने तोडली, आठही जण गेले. बोटाएवढी पिन! तिसरं फेब्रुवारी 1968 मध्ये व्हिएतनाममधल्या ह्यू शहराजवळ गोळ्या लागून भातखाचरात उतरलं, चौथ्याने शेजारी उतरून त्यातल्या लोकांना उचललं, पण ते तिसरं हेलिकॉप्टर नंतर तिथेच मॉर्टरने उडवलं गेलं.

आता ही जायची जोडीने, एकाने मारायचं नि दुसऱ्याने पाठ सांभाळायची, एकटं उरल्यावर करणार काय? त्यात तोवर खास हल्ल्यासाठीचं सडपातळ कोब्रा हेलिकॉप्टर आलं होतं, आणि आर्मीला चिनूक हवी होती ती तोफा-दारूगोळा आणि माणसं वाहायलाच, त्यामुळे नवीन बनवायचा विषयच संपला. म्हणजे तुम्ही पण अगदीच चूक नाही बरं का.

ते उरलेलं एक, 'ईझी मनी' नावाचं, आता अमेरिकेतल्या अलाबामात हंट्सव्हिलजवळ रेडस्टोन आर्सेनल या आर्मीच्या तळावर दुरुस्त करून ठेवलंय.